तेल लावलेली वेणी

१९७३ चा उन्हाळा. मी सातवीत होते आणि बोर्डिंगच्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, म्हणूनच त्यांनी मला नगरला ख्रिस्ती शाळेच्या बोर्डिंगात ठेवलं होतं. ताटात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी असायची. गार झाली की ती दातांनी तुटायची नाही. त्या वर्षी शाळेत काय शिकले ते फारसं आठवत नाही. बाई मात्र आठवतात.

बाई आम्हाला गणित शिकवायच्या आणि बायबलचा तास घ्यायच्या. आमच्या झोपायच्या खोलीच्या टोकाला त्यांची छोटी खोली होती. टँकर आला की पाणी मोजून द्यायचं काम माझ्याकडे असे. डालड्याच्या डब्याने चार डबे, म्हणजे एकीची वाटणी. बाई बादली घेऊन रांगेत शेवटी उभ्या राहायच्या. एकदा पिंपाच्या तळाशी दीड डबा गढूळ पाणी उरलं. मी रडवेली झाले. बाईंनी ते बादलीत ओतून घेतलं, तुरटी फिरवली आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत निवळेल, बाळ. तू अभ्यासाला जा."

लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाचे दिवस होते. दर शुक्रवारी बाई दुपारच्या पंगतीला दिसायच्या नाहीत. त्यांच्या वाटणीची भाकरी फाटकाशी उभ्या राहणाऱ्या मुलांकडे जाते, हे मला स्वयंपाकाच्या मावशींकडून फार उशिरा कळलं. आम्हाला संशय आला नाही, कारण शुक्रवारी बाई सगळ्यांत टवटवीत दिसायच्या. तोंड स्वच्छ धुतलेलं, केसांना तेल, घट्ट वेणी. मला वाटायचं, बाईंना आज कुठे लग्नाला जायचंय!

उपास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव आणि तोंड धू, असं येशूने सांगितलंय. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तो सहावा अध्याय आम्ही पाठ केला होता. तो आमच्या डोळ्यांसमोर पाळला जात होता, हे आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही. एवढ्याशा पाण्यातलं ओंजळभर त्या तोंड धुवायला का राखून ठेवत, ते आज कळतं.

एका तासाला त्यांनी फळ्यावर तीन वचनं शेजारी शेजारी लिहिली. मत्तय, मार्क, लूक या तीन शुभवर्तमानांतली. तिन्हीकडे सांगणं एकच: माझ्यामागे यायचं तर स्वतःला नाकारा, आपला वधस्तंभ उचला. "लूककडे एक शब्द जास्त आहे, शोधा." आम्ही शोधला : दररोज. बाईंनी त्याखाली खडूने दोनदा रेघ ओढली. मग त्यांनी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुलींना घेऊन आल्या. बाई म्हणाल्या, "आणलं ते सगळ्यांना दिसलं. पण त्यानंतर रोज सकाळी उठून त्या मुलींच्या जखमा धुवायच्या, उवा काढायच्या. दररोज म्हणजे ते."

पुढे मी परिचारिका झाले. एका नाताळच्या रात्री नाइट ड्यूटी बदलून द्याल का, असं नव्या सिस्टरने विचारलं. तिचं बाळ चार महिन्यांचं होतं. मी नाही म्हटलं. घरी फराळ होता, पाहुणे होते, माझा हक्कच होता. उपासनेत प्रभुभोजनाची, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर हातात घेतली आणि फळ्यावरची ती रेघ डोळ्यांसमोर आली. त्यानंतरच्या नाताळांना ड्यूटीचा तक्ता लागायच्या आतच मी रात्रपाळी मागून घेऊ लागले. यात मोठेपणा काहीच नाही. ते "नाही" अजून सलतं.

बाईंना शेवटचं भेटले तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे होत्या. मी न कळवता गेले होते. त्यांनी मला पाटावर बसवलं, पिठलं-भाकरी वाढली, वर कांदा फोडून दिला आणि समोर बसून घरचं सगळं विचारत राहिल्या. बाई, तुमचं ताट? असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांच्या केसांकडे लक्ष गेलं. पांढरीशुभ्र, बोटभर जाडीची वेणी, तेलाने चमकणारी. आणि वार शुक्रवार. मी खाली मान घालून जेवले. भाकरीचा तुकडाही ताटात टाकला नाही.