गोणीतला स्लॅब

अंगणवाडीताईंनी कोपऱ्यातली गोणी माझ्यासमोर ओतली. प्लास्टरचे पोपडे, काँक्रीटच्या खपल्या, मोठ्या तुकड्यांवर खडूने घातलेल्या तारखा. "मुलं यायच्या आत झाडून काढते, मॅडम. फेकून दिले तर उद्या म्हणतील, पडलंय कुठं काय?"

खरं तर मी, अभियंता म्हणून, शेजारच्या शाळेची कंपाउंड भिंत बघायला गेले होते. आमच्या पावसाळापूर्व पाहणीच्या यादीत ही अंगणवाडी नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी प्लास्टर-रंग झाला, म्हणून कागदावर ती चांगली. छताला निळा रंग, त्यावर ढग आणि चांदण्या. चित्रं-अक्षरं रंगवून बोलक्या भिंती करायला माझा विरोध नाही, पण भेगांवरून रंग फिरवणाऱ्यांचा मला संताप येतो. त्या रंगाखाली दोन वर्षं कोणालाच काही दिसलं नाही.

हातोडी मागवली. स्लॅब ठोकताना कान लावायचा असतो. भरीव असेल तिथे 'ठण्ण' येतं, सुटला असेल तिथे 'भद्द'. आत सळई गंजली की फुगते आणि खालचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, ढकलून देते. वरून प्लास्टर थापून ते थांबत नाही, उलट पडणाऱ्या खपलीचं वजन वाढतं. भद्द आवाजाच्या जागा खडूने आखत गेले. शेवटी दाराजवळच्या भिंतीलगत एक पट्टा भरीव उरला. खाली बघितलं तर मुलांची सतरंजी बरोबर त्याच पट्ट्यात, अर्धी दुमडून अंथरलेली. तुकडे कुठे पडतात ते बघत बघत ताईंनी हातोडीशिवाय तेच मोजमाप काढलं होतं. त्या सतरंजीवर तेवीस मुलं बसली होती, तीन ते सहा वर्षांची.

शिडी मागून गच्चीवर चढले. पाणी जायचं भोक वीतभरसुद्धा नाही, पिंपळाच्या पानांनी गच्च बुजलेलं. मागच्या पावसाचा गाळ वाळून तसाच होता. गच्चीला जिना नाही, शिडी नाही, चढणार कोण? देखभालीला वर्षाला तीन हजार येतात, त्यात कडी-कोयंडा आणि नळच होतो. नव्या इमारतीचा दर मात्र तेव्हा १२ लाख होता: ८ लाख मनरेगातून, बाकीचे दोन-दोन लाख वित्त आयोग आणि महिला व बालविकासकडून. बांधायला तीन खाती एकत्र येतात, पानं काढायला एकही नाही.

भेटवहीत लिहिलं, "इमारत वापरास धोकादायक. आजपासून मुले बसवू नयेत." सही केली. संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला, "तोंडी सांगायचं होतं, लेखी कशाला दिलंत?" तोंडी सांगून काय होतं, ते त्या गोणीत होतं.

पण तेव्हापासून मला स्वस्थता नाही. मुलं मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गेली. मंडप तिन्ही बाजूंनी उघडा, वीस पावलांवर एसटीचा रस्ता. संडास नाही. जुन्या जागी मुलांच्या मापाचं बुटकं भांडं होतं, आता मदतनीस एकेकाला हात धरून मागच्या शेतात नेते. तेवढा वेळ ताई एकट्या, आणि समोर रस्ता. परवा गेले तर मंडपाच्या खांबांना दोन जुन्या साड्या आडव्या बांधलेल्या आणि आत अकरा मुलं. बाकीच्यांच्या आया पाठवत नाहीत. त्यांचं चुकतंय असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मुलांना स्लॅबखालून मीच काढलं आणि रस्त्याकडेलाही मीच बसवलं.

जुनी इमारत पाडल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, आणि निर्लेखनाची, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून टाकण्याची, मंजुरी आल्याशिवाय ती पाडता येत नाही. तो प्रस्ताव वर गेलाय. सोबत गोणीचे फोटो जोडलेत, तारखा वाचता येतील असे.

नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात मी गच्चीसाठी भिंतीत बसवलेली लोखंडी शिडी धरली होती. तांत्रिक मान्यतेच्या वेळी ती खोडून आली. मी ती परत घातली आहे.