आत्याचे कुलमुखत्यारपत्र

कुलमुखत्यारपत्र या शब्दातील ‘कुल’ म्हणजे घराणे नव्हे. आपण ‘कुल रक्कम’ म्हणतो त्यातला हा अरबी ‘कुल’ आहे आणि त्याचा अर्थ ‘सर्व’ असा आहे; ‘मुखत्यार’ म्हणजे ज्याला निवडून अधिकार दिला आहे तो. बोरिवलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आत्याने माझ्या नावे हे पत्र नोंदवले, तेव्हा मी मात्र त्याला कुळाचाच कागद समजत होतो. घरच्या माणसाने घरच्या माणसाचे काम करायचे, त्याला कसले आले नियम, अशी माझी समजूत होती.

आत्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षे झालेली, आणि गुडघ्यांमुळे बँकेचे जिने चढणे तिला जमेनासे झाले होते. कागदावर सही केल्यावर घरी येऊन तिने मला एक लांबोडी वही दिली आणि सांगितले, “अरे, पै न् पै यात लिहीत जा. दर रविवारी मी बघणार.” भाच्यावर तिचा विश्वास नव्हता असे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१३ प्रमाणे मागणी होताच हिशेब देणे हे अभिकर्त्याचे, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचे, कर्तव्यच आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले. आत्याने ते न वाचताच अमलात आणले होते. रविवारी चहाबरोबर ती लाल पेनाने प्रत्येक नोंदीपुढे खूण करायची.

मुखत्यारपत्र जेवढे बोलते तेवढाच अधिकार देते, हा धडा मला एका बँकेत मिळाला. आत्याची मुदत ठेव मुदतीआधी मोडायची होती. कागदात खाते चालवण्याचा अधिकार होता, ठेव मोडण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून त्यांनी नकार दिला. तेव्हा मला राग आला होता, पण ते बरोबर होते: असे दस्त काटेकोरपणेच वाचले जातात. मालमत्तेची देखभाल करण्याच्या अधिकारातून ती विकण्याचा अधिकार आपोआप निघत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही सेक्रेटरींनी मला बसू दिले नाही, कारण आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, मुखत्यारपत्रधारकाला त्या सभेत प्रवेश नाही. दुसऱ्याच्या वतीने मृत्युपत्र करता येत नाही, आणि जी गोष्ट फक्त त्याच्या स्वतःच्या माहितीतली आहे तिच्याबद्दल त्याच्याऐवजी न्यायालयात साक्षही देता येत नाही. मुंबईत वर्षानुवर्षे खोल्या केवळ मुखत्यारपत्रावर विकल्या गेल्या, पण अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे.

या सगळ्या मर्यादा मी समजू शकलो. जे पचायला जड गेले ते त्याच करार अधिनियमाचे कलम २०१. लिहून देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मन विकल झाले, की अभिकरण, म्हणजे तिच्या वतीने काम करण्याचे हे नाते, संपते. आत्याला स्मृतिभ्रंश असल्याचे निदान झाले आणि तिच्या शुश्रूषेच्या खर्चासाठी फ्लॅट विकावा असे घरात ठरले, तेव्हा मी कागद घेऊन फोर्टमधल्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी दस्त उलगडूनही पाहिला नाही. “तुमच्या आत्यांना आज व्यवहार समजतो का?” एवढेच विचारले. मी नाही म्हणालो. “मग हा कागद आता चालणार नाही.”

ज्या दिवसासाठी माणूस मुखत्यार नेमतो, नेमका त्याच दिवशी कागद निकामी होतो, हे मला आजही अन्यायाचे वाटते. हा नियम आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला. इंग्लंडने १९८५ साली त्याला अपवाद करून मन विकल झाल्यावरही टिकणारे मुखत्यारपत्र मान्य केले, आपण अजून केलेले नाही. उलट, मनोरुग्णाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची जी तरतूद १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात होती, ती २०१७ च्या नव्या कायद्यात राहिली नाही. आता उरतो तो उच्च न्यायालयाचा रस्ता. कोमात गेलेल्या व्यक्तींसाठी त्यांच्या जवळच्या नातेवाइकांना पालक नेमण्याचे आदेश मुंबई उच्च न्यायालयाने संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली दिलेले आहेत. आमचे वकील त्याच आधारे याचिका तयार करत आहेत.

तोपर्यंत मी काय करू शकतो, याचे उत्तर करार अधिनियमाच्या कलम २०९ मध्ये आहे. अभिकरण संपल्यावरही, सोपवलेल्या हितसंबंधांचे रक्षण करण्यासाठी वाजवी ती सर्व पावले उचलणे अभिकर्त्यावर बंधनकारक आहे. म्हणून फ्लॅटचा मेंटेनन्स आणि विजेचे बिल मी सध्या माझ्या खिशातून भरतो, गळकी पाइपलाइन दुरुस्त करून घेतली, आणि तिच्या खात्याला हात लावत नाही.

वकिलांनी याचिकेला जोडण्यासाठी हिशेब मागितला, तेव्हा वही पुन्हा पहिल्यापासून चाळली. त्याच अधिनियमाचे कलम १२ मनाच्या स्वस्थतेची कसोटी सांगते: करार करताना माणसाला तो समजला पाहिजे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे सारासार ठरवता आले पाहिजे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर एक तारीख आहे. वहीत मात्र त्या तारखेच्या कितीतरी आधी एका रविवारी एकाच नोंदीपुढे तीन लाल खुणा आहेत, पुढच्या रविवारी खुणा समासात गेल्या आहेत, आणि त्यानंतरच्या पानांवर खुणाच नाहीत. त्या पानांवरच्या दोन मोठ्या रकमा मी तिच्या वतीने सही करून काढल्या होत्या. त्या तिच्याच औषधपाण्यावर खर्च झाल्या, पावत्या आहेत. तरीही ती दोन पाने मी वेगळी दुमडून ठेवली आणि वकिलांना सांगितले की न्यायालयाला ती सर्वांत आधी दाखवा.