आठ शिंपले आणि एक वाया गेलेला

म्हापशाला माझी एका खोलीची कार्यशाळा आहे. चतुर्थीला मखरं, दिवाळीला आकाशकंदील आणि नाताळात झाडाला टांगायची लटकनं असं आमचं वर्ष फिरतं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बार्देशातल्या एका गावचे अंकल वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आले. आत नऊ शिंपले. जुन्या खिडकीत बसवायचे ते, चपटे, कडा कापून चौकोनी केलेले, तळहाताहून लहान. घराची दुरुस्ती चालू होती आणि खिडक्यांच्या जागी अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या होत्या. भावंडं आठ, निम्मी परदेशात. प्रत्येकाला घरच्या खिडकीचा एकेक तुकडा झाडावर लावायला हवा होता.

"बाय, नाताळा आदीं जातलें मू?"

"जातलें," म्हटलं, म्हणजे होईल. असं पटकन बोलून जायची माझी जुनी खोड आहे.

काच महाग होती त्या काळी गोव्यातल्या घरांना हे शिंपले लावत. त्यातून ऊन येतं ते दुधाळ होऊन, डोळ्यांना न टोचता. नवे मी कधीच घेत नाही. गोव्यातल्याच चिखलीच्या खाडीत हा जीव अजून आहे, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो संरक्षित आहे. म्हणजे या नऊंपैकी एक फुटला तर दुसरा कुठून आणणार?

नक्षी त्यांच्याच बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याच्या, लाकडी झालरीची घ्यायची ठरली, फोटो होता. स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा कापीव साचा, मी एक्स-रेच्या जुन्या फिल्मवर कापते. फिल्म ब्लीचच्या पाण्यात भिजवून घासली की काळं निघून जातं आणि खाली पातळ, चिवट प्लास्टिक उरतं. कातरकाम सोपं असतं, डोकं चालवावं लागतं ते जोडांसाठी. फुलाच्या मधला ठिपका चारी बाजूंनी कापला तर तो गळूनच पडणार, म्हणून त्याला बाहेरच्या भागाशी धरून ठेवणाऱ्या बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात. नवशिक्यांचा पहिला स्टेन्सिल इथेच फसतो. माझाही फसला होता.

शिंपले पुसायचं काम भाचीला दिलं. सौम्य साबण, मऊ ब्रश, बस. मी बाजारात तांब्याची तार आणायला गेले. परत आले तर पोरगी रडकुंडीला आलेली. "मावशी, फेस येतोय गं!"

एका शिंपल्यावर पिवळट डाग होता. काच व्हिनेगरने लख्ख होते हे तिने कुठेतरी वाचलेलं, म्हणून तिने स्वयंपाकातला माडाच्या सुरेचा व्हिनेगर ओतला. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच भाऊ. आंबट लागलं की तो विरघळतो, बुडबुडे येतात. धुऊन पाहिला तर चकाकी गेलेली, एका कोपऱ्याचे पापुद्रे सुटलेले. मी ओरडले, खोटं कशाला सांगू. नंतर वाटलं, सांगून गेले नव्हते हा दोष माझा.

उरले आठ. चाचणीला एकही नाही, म्हणून तो वाया गेलेलाच घेतला. नक्षी उठवायची पेस्ट घरचीच होती, फेव्हिकॉल, खडूची पूड आणि पांढरा अॅक्रिलिक रंग, श्रीखंडाइतकी घट्ट. स्टेन्सिल चिकटपट्टीने बसवला, चाकूने पेस्ट एका दमात ओढली, स्टेन्सिल सरळ वर उचलला. तिरका उचलला की कडा फिसकटतात. सुकल्यावर नखाने खरवडून पाहिली, हलेना. खूश होऊन पहिल्या चांगल्या शिंपल्यावर तेच केलं आणि सकाळी अख्खी नक्षी पापडासारखी उचलून हातात आली.

चांगल्या शिंपल्यावर का धरली नाही, हे कळायला चहाचा एक कप लागला. व्हिनेगरने खाल्लेला पृष्ठभाग खरखरीत झाला होता, तिथे पेस्टला पाय रोवायला जागा मिळाली. गुळगुळीत शिंपल्यावर मिळाली नाही. मग बाकीच्यांवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला, तोही फक्त नक्षीच्या जागेपुरता, वर पारदर्शक अॅक्रिलिकचा एक पातळ हात दिला आणि पेस्ट अर्ध्या जाडीने लावली. या वेळी चिकटली. भाचीला मात्र व्हिनेगरचं श्रेय आपलंच, असं वाटायला लागलं.

भोक पाडायची हिंमत केली नाही. त्याच खिडकीच्या लाकडी पट्ट्या अंकलनी नंतर आणून दिल्या होत्या. शिंपले ज्या खाचांत बसत त्या खाचा त्यांना आयत्याच होत्या. तुकडे कापून वर-खाली बसवले, तांब्याच्या तारेने बांधले, लाल सुताचा गोंडा सोडला. सोनेरी वर्ख लावायचं ठरलं होतं, पण दिव्यासमोर धरून पाहिलं आणि बेत सोडला. दिवसा पांढऱ्यावर पांढरी दिसणारी नक्षी मागे बल्ब आला की काळी सावली होऊन उठते. वर्ख काय, रंग काय, तिथे सगळं सारखंच. उगाच पैसे.

अंकल २० तारखेला आले. नववा कुठे, हे त्यांनी आधी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी तो शिंपला उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हो रांदचेकुडीचो." चुलीकडची खिडकी, म्हणून पिवळा. म्हणजे तो डाग नव्हताच, वर्षानुवर्षांचा धूर होता. भाची खाली मान घालून गोंडे विंचरत बसली.

मग टेबलावरचा स्टेन्सिल त्यांनी उचलून उजेडात धरला. एका कोपऱ्यातलं काळं नीट निघालं नव्हतं, हाडाची गोल कड दिसत होती.

"हें कितें?"

"सासूबाईंचा गुडघा, अंकल."

ते इतके हसले की शेजारचा शिंपी डोकावून गेला. जाताना आठ लटकनांबरोबर तो गुडघाही मागून घेऊन गेले.