तुम्ही विचारलंत म्हणून: त्या चिखलात आहे काय?

नवी मुंबईत, सारसोळेच्या जेट्टीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो. ओहोटीला मी दगडांवर वाकलेली असते, हातात वही, पाय चिखलाने माखलेले. कुणीतरी थांबतं. "मॅडम, काही हरवलंय का?" नाही म्हटलं की, "मग बघता काय? त्या शिंपल्या-किड्यांचा उपयोग काय?" फ्लेमिंगोंचा उपयोग कुणी विचारत नाही. ते गुलाबी असतात आणि मागे इमारती धरून फोटो झकास येतो.

बरीच वर्षं मी सरळ उत्तर द्यायचे. खाडीत माशांची पिल्लं वाढतात, तिवरं लाटांचा जोर मोडतात, चिखलातले किडे कुजकं खाऊन माती उलटीपालटी करतात. सगळं खरं आहे. पण बोलता बोलता माझाच आवाज मला विमा एजंटासारखा ऐकू यायला लागला. शिवाय समोरचा "हो का, छान" म्हणून पुढच्या फेरीला निघून जायचा. म्हणून हल्ली मी उपयोगाचं काही सांगत नाही, एका माणसाची गोष्ट सांगते. फेरीत ती पुरी होत नाही, म्हणून आज लिहूनच काढते.

माणसाचं नाव रॉबर्ट पेन. लिहायच्या पेनसारखंच, गणपतीवाल्या पेणशी संबंध नाही. जन्म १९३३, अमेरिकेतलं केंब्रिज. (मनात मी त्याला अरे-तुरेच करते, इथेही तसंच चालू दे.) लहानपणी पक्ष्यांचं वेड, पुढे जीवाश्मांचा अभ्यास करायला म्हणून मिशिगन विद्यापीठात गेला, आणि तिथे त्याला फ्रेडरिक स्मिथ नावाचे शिक्षक भेटले. या स्मिथनी १९६० मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एक साधा वाटणारा प्रश्न मांडला होता: जग हिरवं का आहे? पानं खाणारे एवढे किडे, एवढी जनावरं असताना झाडं शिल्लक कशी राहतात? त्यांचं म्हणणं, खाणाऱ्यांना खाणारा कुणीतरी वर बसलेला आहे, म्हणून. पटण्यासारखं होतं. पण पटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

दाखवायचं कसं, हे पेनने मनावर घेतलं. १९६२ मध्ये तो सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नोकरीला लागला आणि पुढच्याच वर्षी त्याला हवा तसा किनारा सापडला. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, माका या मूळ रहिवाशांच्या मुलखात, मक्कॉ बे नावाचा उपसागर. तिथल्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात जांभळे-केशरी तारामासे चिकटलेले असत. शिंपला जरासा उघडला की हा प्राणी आपलं पोटच बाहेर काढून त्या फटीत सारतो आणि आतलं मांस जागेवरच पचवतो. किळस वाटते खरी, पण काम चोख.

पेनने खडकाचा एक तुकडा निवडला, सुमारे आठ मीटर लांब आणि दोन मीटर उंच. म्हणजे आमच्या सोसायटीतल्या एका गाडीच्या पार्किंगपेक्षा थोडा मोठा. हत्यार म्हणजे पहार. तारामासा दिसला की उचकटायचा आणि लांब समुद्रात भिरकावायचा. पुन्हा जायचं, परत आलेले पुन्हा भिरकावायचे. आणि हे महत्त्वाचं: शेजारचाच तसाच एक तुकडा अजिबात हात न लावता ठेवायचा.

काही महिन्यांतच उचकटलेल्या तुकड्यावर बार्नॅकलांनी बस्तान बसवलं. बार्नॅकल म्हणजे जेट्टीच्या दगडांना आणि होडीच्या बुडाला चिकटलेले ते पांढरे खरखरीत सुळके, अनवाणी पाय पडला तर रक्त काढणारे. त्या सप्टेंबरात साठ ते ऐंशी टक्के जागा त्यांची होती. पुढच्या वर्षी त्यांना रेटत शिंपले आले, आपल्याकडच्या शिनाण्यांचे भाऊबंद. मग बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरेना. शैवालं गेली, गोगलगाईंच्या जातभाईंनी काढता पाय घेतला. पंधरा जाती होत्या, त्यांच्या आठ झाल्या. शेजारच्या तुकड्यावर सगळं होतं तसंच.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी एम.एस्सी.ला होते आणि पुस्तकात ते एका आकृतीत आणि चार ओळींत उरकलेलं होतं. पुढे कधीतरी १९६६ चा मूळ लेख झेरॉक्स करून आणला आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचत बसले. मला चटका लावला तो त्या पंधरा-आठने नाही. तारामासा तिथे खाऊन पोट भरत होता, एवढंच. कुणावर उपकार करायला तो बसला नव्हता. पण शिंपल्यांचं तण उपटलं जात होतं आणि बाकीच्यांना जागा मिळत होती. त्याचा "उपयोग" त्याच्याकडे कितीही निरखून बघितलं असतं तरी दिसला नसता. तो नसतानाच दिसला.

१९६९ मध्ये पेनने अशा प्राण्यांसाठी एक शब्द वापरला, कीस्टोन. दगडी कमानीच्या माथ्यावरचा तो एक दगड, जो काढला तर कमान खाली येते. मराठीत याला कुणी आधारस्तंभ प्रजाती म्हणतात. मला ते पटत नाही. खांब जाडजूड असतो, लांबून दिसतो. कमानीतला दगड बाकीच्या दगडांएवढाच असतो, आणि इथे मुद्दाच तो आहे: संख्येच्या मानाने परिणाम फार मोठा. मी वर्गात "कळीची प्रजाती" म्हणायचे. एका मुलाने विचारलं होतं, "म्हणजे कळीचा नारद का, मॅडम?" वर्ग हसला. पण इकडचं तिकडे करून कुणालाच निवांत बसू न देणारा तो तारामासा नारदच की. शब्द इतका आवडता झाला की पुढे जो तो आपल्या लाडक्या प्राण्याला कीस्टोन म्हणायला लागला आणि १९९५ मध्ये खुद्द पेनलाच त्याचा अर्थ घासूनपुसून घेण्याबद्दल लिहावं लागलं. आपल्याकडेही फ्लेमिंगोंवर हे बिरूद चिकटवायची घाई दिसते. लाखाच्या घरात येणारे पक्षी आहेत ते. काहीतरी फरक पडत असणारच. पण त्यांना वगळून कुणी बघितलंय?

पेनचा प्रभाव म्हणतात तो मला सर्वांत जास्त दिसतो एका भेटीत. १९७१, अलास्काच्या बाजूचं अ‍ॅमचिट्का बेट. जिम एस्टेस नावाचा तरुण तिथे समुद्री पाणमांजरांवर काम करायला आला होता. केल्प म्हणजे समुद्रातलं उंच शैवालाचं रान. ते रान पाणमांजरांना कसं पोसतं, हे त्याला बघायचं होतं. पेनने त्याला प्रश्न उलटा करायला सांगितलं: पाणमांजरं रानाचं काय करतात ते बघ. एस्टेसने पाणमांजरं असलेली आणि नसलेली बेटं ताडून पाहिली. नव्हती तिथे काटेरी चेंडूंसारख्या सी-अर्चिनांनी केल्प फस्त करून तळ उघडा पाडला होता. होती तिथे ती अर्चिन खात होती आणि रान उभं होतं. १९७४ मध्ये ते छापून आलं. विद्यार्थ्यांच्या लेखांवर पेन आपलं नाव सहसा घालत नसे, म्हणून त्याच्या कामाची यादी त्याच्या पसाऱ्यापेक्षा लहान दिसते. त्याच्याकडे शिकलेल्या जेन लुबचेंको पुढे अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याच्या प्रमुख झाल्या.

तो स्वतः मात्र त्याच टोकावर राहिला. माका लोकांच्या परवानगीने जवळच्याच टाटूश बेटावर वर्षानुवर्षं जात राहिला, तेच खडक, तेच शिंपले. २०१३ पासून त्या किनाऱ्यावरचे तारामासे रोगाने गळून, अक्षरशः विरघळून मरू लागले. पहार न लावता. २०१६ च्या जूनमध्ये पेन गेला.

आता माझं. निवृत्त झाल्यावर मी ठरवलं, आपणही करून बघू. जेट्टीच्या बाजूच्या दगडांवर कालवं लागतात. ऑइल पेंटने वीत-वीतभर दोन चौकोन रंगवले. एकातलं सगळं खरवडून काढलं, दुसरा तसाच ठेवला. दर उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पुनवेला-अवसेला पाणी खूप मागे हटतं तेव्हा, जाऊन मोजायचं. तिसऱ्या आठवड्यात खरवडलेल्या चौकोनात टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके दिसले. बार्नॅकल! मक्कॉ बेमध्ये पहिले आले तेच इथेही पहिले. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, "येताना कोथिंबीर आण."

पुढच्या अवसेला गेले तर दुसरा चौकोन, तुलनेचा, हात लावायचा नव्हता तो, लख्ख. कालवांच्या जागी दगडावर फक्त खालच्या शिंपीचे पांढरे वाटीसारखे डाग. थोड्या अंतरावर गावातल्या एक मावशी बसलेल्या, बाजूला पातेलं, हातात लोखंडी टोचा. एका ठोक्यात वरची शिंप उडवायच्या, दुसऱ्या हालचालीत कालव पातेल्यात. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय झालं बाय?" मी सांगितलं. "मना काय माहीत तुमचा चौकोन? चांगली मोठी होती, काढली."

राग यायला हवा होता. आलं हसू, आणि मग जरा लाजच वाटली. मी खेकडे लिहून ठेवले होते, शंख लिहून ठेवले होते, पाण्याची उंची लिहून ठेवली होती. या दगडांवर अनेक वर्षं दर ओहोटीला येणारी आणि निवडून मोठी कालवं खाणारी मावशी माझ्या वहीत कुठेच नव्हती. पेन असता तर त्याने आधी तिलाच मोजलं असतं.

तेव्हापासून मला हे शहरच वेगळं दिसतं. १९७० मध्ये शहर वसवायला सिडको आली, १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, आणि खाजणं, भातखाचरं, मिठागरं भरत इथली जमीन उभी राहिली. माझी इमारतही त्यातच. म्हणजे आपणही पहार घेऊन बरंच काही काढलंय. फक्त शेजारी न हात लावलेला तुकडा ठेवला नाही, आणि वहीही ठेवली नाही. २०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, हे चांगलंच झालं. पण आधी इथे काय होतं ते मावशींना विचारावं लागतं. त्या जिताडा माशांबद्दल सांगतात आणि हाताने लांबी दाखवतात. मी वहीत लिहिते: कोपरापासून बोटांपर्यंत.

जवळच, नेरुळच्या फ्लेमिंगोंच्या तळ्यात, भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजली. तळं सुकलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये तिथे फ्लेमिंगो मरून पडल्याच्या बातम्या आल्या आणि मग सगळ्यांना पाण्याचा उपयोग कळला. जो प्रश्न मला जेट्टीवर विचारला जातो, त्याचं उत्तर द्यायची ही पेनचीच पद्धत. फरक एवढाच की पेनने ठरवून एक छोटा तुकडा घेतला होता.

यंदा पावसाळा संपल्यावर मी पुन्हा रंगाचा डबा घेऊन गेले. या वेळी तीन चौकोन. एक खरवडलेला, एक हात न लावायचा, आणि तिसरा मावशींचा. मावशी येऊन बघून गेल्या. "यातला माझा कुठला?"

मी दाखवला.

"यवढासाच?" म्हणाल्या.