अर्जुनाची साल घेताय? मग जरा झाडही बघा की

कुणाला जरा धडधडलं की ग्रुपवर लगेच कोणीतरी सांगणार, अर्जुनसाल घे, हार्टला एकदम बेस्ट. घ्या ना, पण आपण डबीतली तपकिरी पावडर चमच्याने ढवळतो आणि ते झाड समोर उभं असलं तरी ओळखत नाही, याची मला भारी गंमत वाटते.

अर्जुन म्हणजे अर्जुनसादडा, नदी-ओढ्याच्या काठी वाढणारा मोठा वृक्ष. खोड गुळगुळीत, पांढरट-राखाडी, आणि वरची साल पातळ पापुद्र्यांनी आपोआप सुटते, हात फिरवला तरी एखादा पापुद्रा हातात येतो, आतून साल गुलाबीसर. पान उलटं करून देठाजवळ बघा, दोन बारीक गाठी दिसतील. फळाला पाच पंख. ऐन नावाचं झाड याचाच भाऊ, पण त्याची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, त्यामुळे झाडावर घोळ होत नाही, पावडर झाल्यावर मात्र कोण ओळखणार?

आता घ्यायची कशी, तर आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार चक्रपाणिदत्त यांनी ११ व्या शतकातच तूप, दूध नाहीतर गुळाच्या पाण्यातून घ्या असं सांगून ठेवलंय. वैद्य लोक क्षीरपाक करायला सांगतात, म्हणजे साल एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. ५ ग्रॅम पावडरला ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी, मंद आचेवर पाणी आटून फक्त दूध राहीपर्यंत उकळायचं आणि गाळून प्यायचं. वेळखाऊ आहे हो, पण सालीत टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य भरपूर, नुसत्या पाण्यात घेतलं तर जीभ अशी तुरट होते की विचारू नका. अर्जुनारिष्ट म्हणजे याच सालीचं आंबवून केलेलं पातळ औषध, त्यात गूळ, मनुका, मोहाची आणि धायटीची फुलं असतात म्हणून ते घशाखाली उतरतं, पण त्यात आंबवण्यातून आलेलं थोडं अल्कोहोल असतं, आणि शुगरवाल्यांनी गुळाचंही बघावं.

काम करतं का? छोट्या ट्रायल्स झाल्यात, रिझल्ट कुठे बरे, कुठे काहीच फरक नाही. म्हणून बीपीची किंवा रक्त पातळ करायची गोळी बंद करून हे सुरू करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच घ्या. आणि छातीत दुखून घाम फुटला तर काढा उकळत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि हो, कुणाच्या बांधावर झाड असेल तर साल एकाच बाजूची, वरवरची काढा, ती परत भरते. खोडाभोवती गोल सोलली तर झाड उभ्या उभ्या वाळतं.