आमची वाटचाल : पाटीवर काय लिहायचं?

२०१७च्या जूनमध्ये सांगलीच्या गावभागात तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली आणि बाहेर झोकात पाटी लावली : 'पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी, फक्त महिलांसाठी'. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आत आले. चपला बाहेर काढून, अदबीने. म्हणाले, "मॅडम, आमच्या स्वयंपाकघरातली फरशी खचलीय. बघायला माणूस कधी पाठवाल?"

त्या महिन्यात पाटी वाचून आत आलेला तो एकमेव माणूस.

या कामाकडे मी वळले ते एका रुग्णालयात नोकरी करताना. साडेचार वर्षांचं बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, पुढे दोन वर्षांचं एमपीटीएच, म्हणजे पदव्युत्तर पदवी, आणि मग दिवसभर गुडघे. गुडघा बदललेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी उभं करायचं, चालवायचं. एक आजी काही केल्या चालेनात. रजिस्टरमध्ये दोन दिवस शेरा : 'पेशंट सहकार्य करत नाही'. तिसऱ्या दिवशी पडदा ओढून त्यांच्या कानाशी वाकले तेव्हा कळलं, गुडघा ठीक होता. उभं राहिलं की लघवी सुटायची, आणि वॉर्डात समोरच्या खाटेवर व्याह्यांकडची बाई होती. "चार माणसांत लाज जाण्यापरीस पडून राहिलेलं बरं, बाई." ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू ताणलेले असतात. हाच पाटीवरचा 'पेल्विक फ्लोअर'. मूत्राशय, गर्भपिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग यांना ते खालून तोलतात. बाळंतपण, वर्षानुवर्षांचा खोकला, कुंथायला लावणारा बद्धकोष्ठ, जड ओझी, पाळी जाणं, यांनी ही झोळी सैलावते. मग शिंकलं की लघवी निसटते, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं. आपल्याकडे त्याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. आजारालाही नीट नाव द्यायचं नाही, नुसतं 'अंग'. मोघम बोलायची ही सवयच आमच्या धंद्याची खरी अडचण आहे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

पाटी बदलून 'महिला फिजिओथेरपी' केली. आता बायका येऊ लागल्या, पण सगळ्या कंबर दुखते म्हणून. वहीत सलग चाळीस नावांपुढे 'कंबर'. पैकी निम्म्या जणींची कंबर खरंच दुखत होती. उरलेल्या तपासणी संपून, पैसे देऊन, दाराशी जाऊन चप्पल घालताना थांबायच्या आणि म्हणायच्या, "अजून एक विचारायचं होतं." आम्ही मग चपलांचं कपाटच आतल्या खोलीत नेलं. हसू नका, उपयोग झाला.

तेव्हा एक चूक केली, ती सांगितली पाहिजे. कर्ज काढून एक मशीन घेतलं : स्नायू किती आवळला ते स्क्रीनवर दाखवणारं (बायोफीडबॅक) आणि विजेच्या हलक्या झटक्यांनी स्नायू जागे करणारं. वाटलं, मशीन दिसलं की विश्वास बसेल. मशीन वाईट नव्हतं, काही जणींना त्याने फरकही पडतो. पण नळी, वायर आणि स्क्रीन बघून बायका साडी सावरून उठायच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, गावभाग बुडाला. आठवड्याने कुलूप उघडलं तर तपासणीचं टेबल दाराला आडवं टेकलेलं, भिंतीवर छातीच्या वर चिखलाची रेघ, आणि कोपऱ्यात गाळाने भरलेलं मशीन. मशीन बुडालं, हप्ते बुडाले नाहीत.

विश्रामबागेत पहिल्या मजल्यावर नवी जागा घेतली तेव्हा खिशात नवीन मशीनचे पैसे नव्हते. म्हणून सगळं हाताने आणि तोंडाने शिकवायला लागले. खरं काम तिथे सुरू झालं.

व्यायाम जुनाच. अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. आता मोबाइलवर कुणीही 'केगल करा' सांगतं, पण निव्वळ सांगून कितीतरी जणी उलटं करतात. श्वास कोंडतात, ढुंगण आवळतात, नाहीतर खाली जोर देतात, म्हणजे सैल झोळीवर आणखी भार. मी म्हणते, "चारचौघांत वारा सरायला आला तर कसा अडवता? तसंच, मागून पुढे, वर ओढून घ्या. आणि मग सोडा. पूर्ण सोडा." हे ऐकून हसली नाही अशी बाई अजून भेटायची आहे, आणि हसली की पुढचं सोपं. रोज तीन वेळा, दर वेळी निदान आठदा, किमान तीन महिने. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. पहिले तीन आठवडे फरक वाटत नाही आणि नेमक्या तिथेच बायका सुटतात. तरीही त्यांना बांधून ठेवायला आमच्याकडे दहा सिटिंगचं पॅकेज नाही. आगाऊ पैसे घेतले तर घरात हिशेब द्यावा लागतो. आमच्या पुष्कळ पेशंट घरखर्चातून वाचवलेल्या पैशांवर येतात.

सगळ्यांनाच आवळायला शिकवायचं असंही नाही. लग्नाला दोन वर्षं झालेली एक मुलगी सासूबरोबर आली, 'मूल राहत नाही' म्हणून. सासूबाईंना बाहेर चहा दिल्यावर मुलगी म्हणाली, जवळ येणंच जमत नाही, सगळं घट्ट होऊन जातं. तिच्या स्नायूंना सोडणंच माहीत नव्हतं. अशा बाईला केगल लावले तर दुखणं वाढतं. श्वासापासून सुरुवात केली, मग डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला सैल व्हायची सवय लावणाऱ्या, हळूहळू वाढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्या, तिच्या हाताने, तिच्या घरी. आतून तपासणी मी चौथ्या भेटीत केली, ती स्वतः हो म्हणाल्यावर. दाराला आतून कडी, शेजारी आमच्या मावशी, आणि "थांबा" म्हटलं की थांबायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून आहे.

काही वेळा आमच्याने काही होत नाही. अंग पूर्ण बाहेर आलं असेल तर व्यायामाने ते आत जाईल असं मी सांगत नाही. आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया, त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी देते. उलट दिशेने चिठ्ठ्या यायला मात्र फार वेळ लागला. एका ठिकाणाहून स्पष्ट निरोप आला, पेशंटमागे किती देणार? कट द्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती वाट बंद झाली. दोन वर्षं धंदा रडतखडत चालला त्याचं अर्धं कारण हेच.

साखर कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड बायका अधूनमधून येतात, बहुधा एकदाच. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या बाईला 'जड उचलू नका' सांगणं म्हणजे थट्टा. उचलताना श्वास सोडत आवळायचं, एवढंच दहा मिनिटांत शिकवते. यातल्या एकीची पिशवी तिशीतच काढलेली होती, आणि लघवी तरीही निसटत होती. बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पिशवी काढली की सगळं मिटतं, ही समजूत माझ्या टेबलावर मात्र अजून रोज भेटते.

लॉकडाऊनमध्ये फोनवर काम चाललं. बायका गच्चीवर जाऊन बोलायच्या. एकदा आठवणीचा मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर गेला आणि तिकडे रामायण घडलं. त्यानंतर आमच्या मेसेजमध्ये फक्त वेळ असते, विषय नसतो.

२०२३च्या संक्रांतीला क्लिनिकमध्येच हळदीकुंकू केलं. वाण म्हणून मापाच्या रेघा असलेला अर्ध्या लिटरचा मग. कल्पना अशी की तीन दिवस किती पाणी प्यायलो, किती वेळा आणि किती लघवी झाली, हे मोजून लिहायचं. ज्यांना घाईने पळावं लागतं त्या बहुतेक 'बाहेर जायचंय, आधीच जाऊन येते' करत मूत्राशयाला कपभरावरच उठायची सवय लावतात, आणि वर पाणी तोडतात, म्हणजे लघवी गडद होऊन आणखी टोचते. बासष्ट मग वाटले. वही भरून आणणाऱ्या निघाल्या नऊ. एक काकू प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मग फार चांगला आहे हो, ताकाला वापरते."

पण त्याच काकूंनी पुढची वाट दाखवली. लग्नाला जाताना पिशवीत जादा परकर नेतात आणि कार्यालयात शिरल्या शिरल्या आधी बाथरूम शोधतात, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. मला वाटलं, आपली पाटी रस्त्यावर कशाला हवी? ओळखीच्या दोन मंगल कार्यालयांत विचारलं. एकाने तोंड वाकडं केलं, दुसऱ्याच्या मालकीणबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लावा. पण आतल्या बाजूने." तळहाताएवढा कागद, बायकांच्या बाथरूमच्या दारावर, बसल्यावर डोळ्यांसमोर येईल असा. त्यावर सरळ लिहिलं : 'खोकताना, हसताना लघवी निसटते? यावर व्यायाम आहे.' खाली नंबर.

आता लग्नसराईत दुपारी बारा-साडेबाराला फोन येतात. मावशी उचलतात. पलीकडून दबका आवाज, मागे बँड, कुणीतरी अक्षता घेऊन हाका मारतंय. "तुमच्याकडं बाईच असते ना?" एवढंच आधी विचारतात. मावशी म्हणतात, "आम्ही दोघी बायकाच. कधी येता?"