पोपटी जर्सी आणि हिरवा पडदा

सकाळी नऊला कबड्डीचा संघ हॉलमध्ये आला, बॅगा उघडल्या आणि जर्सी निघाल्या पोपटी. फोनवर आम्हाला "निळी" सांगितले होते. निळ्या होत्या त्या शॉर्ट्स, त्याही गडद. १० बाय २० फुटांचा हिरवा पडदा तोवर इस्त्री करून, क्लॅम्प मारून, प्रकाश मोजून तयार होता. १२ खेळाडू, प्रत्येकाचे एक पोर्ट्रेट आणि एक चढाईची पोज, मागे संध्याकाळचे मैदान, असे फोटोंचे काम ठरले होते.

"सर, जर्सी उलटी घालू का?" कर्णधाराने विचारले. आतली बाजूही पोपटीच होती.

पडद्याचा रंग काढून तिथे दुसरे चित्र, इथे मैदान, बसवणारे सॉफ्टवेअर प्रत्येक पिक्सेलमध्ये हिरवा रंग लाल-निळ्याच्या किती वर आहे, एवढेच पाहते. पोपटीत लालही बराच असतो, त्यामुळे सरळ भोक पडत नाही; छाती अर्धी पारदर्शक होते आणि जर्सीच्या चुण्यांतून मागच्या मैदानाचे दिवे डोकावू लागतात. हे नंतर निस्तरणे फार किचकट. गाडीत निळा पडदा होता, तो चढवला. गडद निळ्या शॉर्ट्समध्ये निळ्याची आघाडी थोडीच असते, म्हणून त्या बऱ्याचशा टिकतात. जिथे विरतात तिथे आतून हाताने मास्क करायचा, म्हणजे तेवढा भाग सॉफ्टवेअरपासून झाकून ठेवायचा. १२ शॉर्ट्स मास्क करणे १२ छात्या दुरुस्त करण्यापेक्षा केव्हाही बरे.

पण पडदा बदलला की प्रकाशही बदलावा लागतो. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर हिरवे पिक्सेल लालच्या दुप्पट आणि निळ्याच्याही दुप्पट असतात. म्हणून हिरवा चॅनेल स्वच्छ येतो आणि निळ्यात दाणे दिसतात. खेळाडूवर मीटर एफ/८ दाखवत असेल (हा आकडा मोठा तितका उजेड जास्त) तर हिरवा पडदा आम्ही एफ/५.६ वर ठेवतो. निळा मात्र एफ/८ पर्यंत उजळला. मग मीटर घेऊन पडद्यावर नऊ ठिकाणी मोजले. डावा खालचा कोपरा जवळजवळ एक स्टॉप अंधारा, म्हणजे निम्म्या उजेडाचा, निघाला, कारण त्या बाजूचा दिवा पडद्याच्या फार जवळ होता आणि त्याचा झोत वरच साचत होता. दिवा दोन फूट मागे घेतल्यावर सगळीकडचा फरक एक-तृतीयांश स्टॉपच्या आत आला. घाईत लावलेल्या या पडद्यावर सुरकुत्याही होत्या. प्रत्येक सुरकुतीची सावली नंतर केसांभोवती मळकट डाग होऊन उरते. स्टीमर फिरवण्यात गेलेली २० मिनिटे सत्कारणी लागली.

पडदा जितका उजळ, तितका त्याचा रंग माणसावर जास्त उडतो. त्यावर खरा इलाज अंतर. खेळाडू पडद्यापासून नऊ फूट पुढे, कॅमेरा त्याच्यापासून २० फुटांवर, ७० मिमीची लेन्स. जागा कमी आहे म्हणून माणसाला पडद्याला चिकटवून उभे करणारे अनेक जण पाहिले आहेत, आणि मग रात्र रात्र कानाच्या पाळीवरचा रंग पुसत बसतात. कबड्डीत तर मांड्या-दंड उघडे, वर घाम. घामट कातडी कडेच्या कोनात आरशासारखी वागते आणि पडद्याचा रंग ओढून घेते. प्रत्येक फोटोआधी टॉवेल आणि थोडी पावडर, शिवाय मागून दोन्ही बाजूंनी अरुंद स्ट्रिपबॉक्स, म्हणजे उजेडाची उभी पट्टी टाकणाऱ्या पेट्या. त्यांची पांढरी कड निळी झाक बुडवते आणि मैदानावरच्या फ्लडलाइटशीही जुळते.

पायांसाठी कबड्डीच्याच मॅटचे एक-एक मीटरचे सहा तुकडे जोडून खाली टाकले. बूट मॅटवर, सावली खऱ्या मॅटवर. ती काढून परत रंगवायची गरज नाही. मागचे मैदान आदल्या संध्याकाळी याच लेन्सने, जमिनीपासून याच दोन फूट उंचीवरून टिपले होते. फोकस अनंतावर न ठेवता २० फुटांवर, जिथे खेळाडू यायचा तिथेच ठेवला होता. क्षितिजरेषा आणि धूसरपणा जुळला नाही तर कितीही सफाईने कापा, माणूस चिकटवलेलाच दिसतो.

पोर्ट्रेट सुरळीत झाली. अडले ते टो-टचमध्ये, म्हणजे पाय फेकून बोटांनी गडी टिपण्याच्या चढाईच्या पोजमध्ये. पहिल्या चढाईपटूने पाय फेकला आणि स्क्रीनवर मोठे करून पाहिले तर बुटाच्या टोकाला निळसर धूर. हललेल्या कडेत बूट आणि पडदा एकमेकांत मिसळतात, तो रंग वेगळा काढता येत नाही. शटर १/२०० सेकंद होते, पण हालचाल गोठवतो फ्लॅश. आमचे मुख्य स्ट्रोब, म्हणजे स्टुडिओचे मोठे फ्लॅश, जुन्या घडणीचे. त्यांची ताकद कमी केली की चमक आखूड होण्याऐवजी लांबते. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या छोट्या फ्लॅशचे, स्पीडलाइटचे, बरोबर उलटे. एका छत्रीत तीन स्पीडलाइट बांधले, प्रत्येक १/८ ताकदीवर, आणि उजेड कमी पडू नये म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची संवेदनशीलता, १०० वरून ४०० केला. पडद्याचे आणि कडेचे स्ट्रोब तसेच ठेवले असते तर आता दोन स्टॉप जास्त झाले असते, आणि कडेच्या लांब चमकेने बूट पुन्हा हललाच असता. म्हणून स्ट्रिपबॉक्समध्येही स्पीडलाइट घातले. पडद्यावर मात्र स्ट्रोबच राहिले. त्यांची ताकद कमी करून तिथे पुन्हा एफ/८ मोजला. हॉलच्या ट्यूब बंद केल्या. पुढच्या फेकीत बुटाची शिवणसुद्धा मोजता येत होती.

शेवटी कर्णधार स्टीलचा करंडक घेऊन उभा राहिला. करंडकाच्या गोल कडांवर निळ्या पट्ट्या होत्या आणि त्या सॉफ्टवेअरने खाल्ल्या. त्याला तसाच उभा ठेवून, करंडकामागे राखाडी थर्माकोल धरून त्याच प्रकाशात दुसरा फोटो घेतला. त्यातला फक्त करंडक पहिल्या फोटोत बसवला.